वाचकांचे प्रश्न : बालवर्गाचं निरीक्षण कसं करावं?

प्रश्न : बालवर्गांच्या पर्यवेक्षणाचं काम माझ्याकडे नव्यानं आलं आहे. आमच्या तक्त्यात ‘वातावरण आनंदी’, ‘मुलं सक्रिय’, ‘साहित्याचा वापर’ अशी वीस कलमं आहेत. दहा मिनिटांत खुणा करून होतात, पण सगळ्याच ताईंना जवळपास सारखे गुण पडतात. कुठे चुकतंय?

उत्तर : तक्ता तुमचं मत विचारतो, पुरावा मागत नाही. मतं देताना आपण सगळेच मधला आकडा गाठतो, कारण तो कुणाला दुखावत नाही. शिवाय दहा मिनिटांत फार तर एक उपक्रम दिसतो. तक्ता तूर्त बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे फक्त घडलेलं लिहायचं: वेळ, कोण काय म्हणालं, कुणी काय केलं. उजवी बाजू तुमच्या मतांसाठी; ती वर्गाबाहेर पडेपर्यंत कोरी राहू द्या.

‘ताई प्रेमानं वागतात’ ही नोंद होत नाही. नोंद अशी हवी: ‘९.४२. मनोरा पडला, मुलगी रडू लागली. ताई गुडघ्यावर बसून म्हणाल्या, “पडला म्हणून राग आला?” मुलीनं मान हलवली. ताई: “आता खाली कोणता ठोकळा ठेवू या?” ९.४४ला मुलगी पुन्हा रचू लागली.’ प्रेम, धीर, शिकवण्याची संधी साधणं हे सगळं त्या चार ओळींत आहे आणि त्यावर कुणाला वाद घालता येणार नाही. लिहिण्याचा वेग कमी पडतोच, म्हणून खुणा ठरवून घ्या: ता. म्हणजे ताई, मु. म्हणजे मूल, खु. म्हणजे खुला प्रश्न (मूल विचार करून स्वतःच्या शब्दांत उत्तर देतं), बं. म्हणजे बंद प्रश्न (एका शब्दात ठरलेलं उत्तर). ताईंचं वाक्य मात्र जसंच्या तसं उतरवा. ‘मुलांना रागावल्या’ असं लिहिलंत तर त्या ओरडल्या की ठामपणे थांबवलं, हे संध्याकाळी तुम्हालाच आठवणार नाही.

वेळेचं गणित ‘क्लास’ (CLASS) या वर्ग-निरीक्षणाच्या साधनाकडून घेता येईल. त्यात साधारण २० मिनिटं पाहायचं, मग १० मिनिटं गुण द्यायचे, अशा सहसा चार फेऱ्या असतात. म्हणजे दोन तास. फेऱ्या वेगवेगळ्या वेळी पडू द्या: गोलातल्या गप्पा, मुक्त खेळ, खाऊची वेळ, आवराआवर. फक्त गोष्ट सांगतानाचा वर्ग पाहिला, तर ताई गोष्ट कशी सांगतात एवढंच कळतं. पहिली दहा मिनिटं धरू नका; मुलं तुमच्याकडेच बघत असतात. बुटक्या स्टुलावर, बाजूला, पण बोलणं ऐकू येईल असं बसा. एखादं मूल चित्र दाखवायला आलं तर ‘मी आज लिहितेय’ एवढं हसून सांगा. तुम्ही खेळात शिरलात की ती फेरी बाद समजा.

प्रश्न : पण नेमकं पाहायचं काय? शिस्त, भिंतीवरचे तक्ते, ताईंचा आवाज?

उत्तर : भिंतीवरच सर्वात कमी वेळ घालवा. साहित्य मुलांच्या हाताला लागतं का, भिंतीवर मुलांची स्वतःची कामं आहेत का, हे दोन मिनिटांत दिसतं. शिस्तीबद्दल सावध राहा. शांत वर्गात मुलं रमलेली असतील किंवा नुसती ताटकळत असतील. दुरून दोन्ही सारखंच दिसतं.

‘क्लास’मध्ये तीन भाग आहेत: भावनिक आधार, वर्गाची घडी आणि शिकण्याला मिळणारा आधार. गुण १ ते ७. बहुतेक ठिकाणी पहिले दोन भाग बरे निघतात आणि तिसरा सर्वात खाली राहतो. वर्ग प्रेमळ असतो, पण मुलांच्या विचाराला ताण पडत नाही. म्हणून डोळे आणि कान तिथे लावा.

मोजता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. एक, देवाणघेवाणीच्या फेऱ्या. ‘हा कोणता रंग?’ ‘लाल.’ ‘शाब्बास!’ हे संभाषण तिथेच मिटतं. ‘हा रंग कसा तयार झाला?’ ‘पिवळ्यात लाल सांडला.’ ‘आणखी लाल सांडला तर?’ इथे धागा पुढे जातो. २० मिनिटांत असे किती धागे चौथ्या वाक्यापर्यंत पोहोचले, ते मोजा. बंद प्रश्न वाईट नसतात. पण नोंदीत ओळीनं बं. बं. बं. दिसत असेल तर वर्गाची तोंडी परीक्षाच चालली आहे.

दोन, थांबणं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांच्या विज्ञान-तासांत पाहिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. त्या शाळेतल्या मोठ्या मुलांची ही गत, तर शब्द जुळवायला वेळ लागणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला किती अवधी हवा! मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा.

तीन, रिकामा वेळ. हात धुण्याची रांग, साहित्य वाटेपर्यंतची वाट, सगळे येईपर्यंत हाताची घडी. घड्याळ लावून बेरीज करा. आकडा बहुधा ताईंनाही चकित करतो. कारणही बहुतेकदा साधंच असतं: सगळ्यांना एकदम उठवलेलं असतं.

शिवाय नजर मुलांवरही ठेवा. बेल्जियममधल्या लूव्हनच्या पद्धतीत एकेका मुलाकडे साधारण दोन मिनिटं पाहून, ते किती रमलं आहे याला १ ते ५ गुण देतात. सहा मुलं आधीच निवडून ठेवा आणि त्यात कोपऱ्यातलं गप्प मूल असू द्या. नाहीतर चुणचुणीत मुलंच सगळं लक्ष खातात आणि वर्ग आहे त्याहून चांगला भासतो.

प्रश्न : एकाच तासाला मी ३ गुण दिले, सहकाऱ्यानं ६. सरासरी काढून ४.५ लिहावे का?

उत्तर : मुळीच नको. सरासरीनं मतभेद झाकला जातो, मिटत नाही. दोघांनी कागद समोरासमोर ठेवून विचारायचं: या गुणामागे कोणती ओळ? ज्या गुणाला डावीकडची ओळ नाही, तो खोडायचा. निम्मा वाद इथेच संपतो. १९२०मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी ‘प्रभावळीचा परिणाम’ म्हणून जे मांडलं, तेही तपासा: ताई हसतमुख आहेत म्हणून नियोजनालाही भरघोस गुण पडलेत का?

निरीक्षकांच्या प्रशिक्षणात सर्वसाधारणपणे ८० टक्के कलमांत एका गुणाच्या आत एकमत अपेक्षित असतं. त्यासाठी एकच चित्रफीत दोघांनी न बोलता पाहून गुण द्या, मग ताडून पाहा. हे दर काही महिन्यांनी करा, कारण एकदा जुळलेली मोजपट्टी कळत नकळत सरकते.

प्रश्न : मी बालवर्गात शिकवते. निरीक्षणाला बाई आल्या की मुलं बिथरतात, माझाही आवाज बदलतो. एका दिवसावरून माझी पारख होते, हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. किमान दोन वेगळ्या दिवशी भेट व्हावी, असा आग्रह धरा. त्या दिवशीची परिस्थिती कागदाच्या माथ्यावर लिहायला सांगा: मुलं किती, मदतनीस होत्या की नाही, कुणी नवीन मूल होतं का. डाव्या बाजूच्या नोंदीची प्रतही मागा. ती द्यायला कुणाची हरकत असू नये.

प्रश्न : निरीक्षणानंतर ताईंशी बोलताना त्या दुखावतात. सुरुवात कशी करावी?

उत्तर : त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, वीस मिनिटं, दार लावून. आधी कौतुक, मग दोष, पुन्हा कौतुक हा नेहमीचा साचा टाळा. ‘पण’ कधी येतो याचीच ताई वाट बघत बसतात. नोंद त्यांच्या हातात देऊन विचारा, ‘यात तुम्हाला काय दिसतं?’ बहुतेक जणी नेमक्या जागी स्वतःच बोट ठेवतात. मग एकच गोष्ट ठरवा आणि ती उद्या करून पाहता येईल इतकी लहान ठेवा: ‘गोलात प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबेन.’ ‘संवाद वाढवेन’ हे उद्दिष्ट नव्हे. ते तपासता येत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा जा आणि फक्त तेवढंच पाहा. बढती किंवा करार ठरवण्यासाठी हाच कागद वापरायचा असेल तर आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला रोजचा वर्ग दिसणार नाही, तयारी करून सादर केलेला दिसेल.