बातमी आधी कानांनी ऐकावी

दूरचित्रवाणी पत्रकारिता आणि व्हिडिओ निर्मिती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तीन पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयात जनसंज्ञापन विषयाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याच्या लिलावावर तीन मिनिटांचे पॅकेज, म्हणजे दृश्ये, निवेदन आणि लोकांचे बोलणे जोडून तयार केलेली बातमी, केले. ट्रॉल्यांच्या रांगा, कांद्याचे ढीग, हमालांची लगबग अशी दृश्ये भरपूर मिळाली आणि शेतकऱ्यांचे बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचे छोटे तुकडे, हेही मिळाले. पॅकेज वर्गात दाखवल्यावर सर म्हणाले की दृश्ये चांगली आहेत, पण बातमी उभी राहत नाही. बाइटमध्ये वारा आणि ट्रॅक्टरच जास्त ऐकू येतात, आणि शेतकरी जे बोलतात ते मी निवेदनात आधीच सांगून टाकले आहे, असेही त्यांनी दाखवून दिले. कॅमेरा, संकलन आणि कॅमेऱ्यासमोर बोलणे यांपैकी मी आधी कशावर मेहनत घ्यावी?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : या तिन्हींच्या आधी आवाजावर मेहनत घ्या. तुमच्या सरांनी दाखवलेल्या दोन्ही उणिवा कानाशी संबंधित आहेत. पहिली ध्वनिमुद्रणाची आहे आणि दुसरी समोरच्याचे ऐकून घेण्याची. थोडे हललेले किंवा अंधारे दृश्य प्रेक्षक सोसतो, पण शब्द कळला नाही तर तो वाहिनी बदलतो. शिवाय टीव्ही लावून घरातील कामे करणारे असंख्य लोक बातमी पाहण्यापेक्षा ऐकतच असतात, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या ओढीने या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

कॅमेऱ्यावर बसवलेला माइक बोलणाऱ्या माणसापासून जितका लांब, तितका भोवतालचा गोंगाट वर येतो. म्हणून बाइट घेताना कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, किंवा हातातला माइक तोंडाजवळ धरावा. उघड्या आवारात माइकवर फोमचे किंवा केसाळ आवरण हवेच, कारण वाऱ्याचा फटका एकदा मुद्रित झाला की तो संकलनात पुरता काढता येत नाही. ट्रॅक्टर सुरू असेल तर शेतकऱ्याला विनंती करून चार पावले बाजूला न्यावे. हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नये आणि बोलण्याची पातळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

लिलावाच्या आवारात तर ध्वनी हीच बातमीची मोठी सामग्री आहे. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसरीकडे सरकतो, बोली चढत जाते आणि एका आकड्यावर थांबते. हा भाग कॅमेरा न थांबवता सलग चित्रित करावा, आणि पॅकेजमध्ये त्यावर निवेदन न चढवता काही सेकंद तो तसाच ऐकू द्यावा. बोली थांबल्याच्या क्षणी शेतकऱ्याचा चेहरा तुमच्याकडे असेल, तर त्या दिवसाचा भाव वेगळ्या शब्दांत समजावण्याची गरज राहत नाही. निघण्यापूर्वी कोणीही न बोलता मिनिटभर नुसता भोवतालचा आवाज मुद्रित करून घ्यावा. दोन बाइट जोडताना मध्ये जी पोकळी जाणवते, ती त्याने भरून निघते.

आता दुसऱ्या उणिवेविषयी. आवक किती झाली, किमान, कमाल आणि सरासरी भाव काय निघाला, ही माहिती वार्ताहराने सांगायची असते. जे बोलणाऱ्या माणसावाचून इतर कोणालाही सांगता येणार नाही, तेवढेच बाइटमध्ये ठेवावे. ‘भाव कमी मिळाला, कसे वाटते?’ असे विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते आणि ते तुम्हाला आधीच माहीत असते. ‘आज घरून निघताना किती भाव मनात धरून निघाला होतात?’ असे विचारून पाहा. मग कांदाचाळीत सडलेला माल, ट्रॉलीचे भाडे, सोसायटीचे कर्ज, पुढच्या पिकाचे बियाणे असे त्या घराचे सगळे गणित एकेक करून समोर येते. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडे थांबले की पुष्कळदा माणूस त्यानंतरच मनातले बोलतो. तुमचे ‘हो, बरोबर’ हे हुंकार मात्र त्याच्या वाक्यावर चढू देऊ नका, मान डोलावणे पुरेसे असते. कार्यालयात परतल्यावर आधी सारे बाइट शब्दशः उतरवावेत, त्यांतील निवडक भाग क्रमाने लावावेत आणि मगच त्यांच्यामधले निवेदन लिहावे. हा क्रम पाळला तर शेतकऱ्याचे म्हणणे तुमच्या तोंडून आधी बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

कॅमेऱ्याबाबत दोनच गोष्टी सांगतो. प्रत्येक दृश्य स्थिर धरून किमान दहा सेकंद घ्यावे आणि वजनकाटा, हिशेबपट्टी, कांदा चाचपणारे हात अशी जवळची दृश्ये आवर्जून घ्यावीत, कारण बाइट मध्ये कापावा लागला की तीच कामी येतात. शेडमधील दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर ठेवावे; आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हे प्रमाण जुळते.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील असून पुण्यात शिकतो. मी व्हॉइस ओव्हर, म्हणजे दृश्यांवरचे निवेदन, केला की वर्गातील काही जण माझ्या हेलावर हसतात. वृत्तवाहिनीत काम मिळण्यासाठी मला माझी बोली सोडावी लागेल का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मुळीच सोडू नका. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे एकाच घडणीच्या प्रमाणभाषेतील बातम्या ऐकत मराठी प्रेक्षकाचा कान घडला. त्या निवेदकांची स्पष्टता आजही अभ्यासण्यासारखी आहे. मात्र २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहर आपापल्या हेलासह थेट प्रक्षेपणात बोलू लागले. प्रेक्षकाला अडचण होते ती हेलामुळे नव्हे. वाक्याचा शेवट गिळला गेला, श्वास अपुरा पडला किंवा वाक्य लांबले, की त्याला बोलणे कळेनासे होते. आपले निवेदन मोठ्याने वाचावे आणि जिथे श्वास तुटतो तिथे वाक्यही तोडावे. आकडेही कानासाठी लिहावेत. ‘चार हजार सातशे त्र्याऐंशी’ ऐकणाऱ्याच्या हातून निसटते, ‘पावणेपाच हजारांच्या आसपास’ लक्षात राहते. नेमका आकडा पडद्यावर द्यावा. ज्यांच्याकडून तुम्ही बाइट घेता, त्यांच्या बोलीलाही हाच न्याय लावावा. अहिराणी बोलणाऱ्या आजींच्या आवाजावर प्रमाणभाषेतील आवाज चढवण्यापेक्षा पडद्यावर खाली अर्थाच्या ओळी द्याव्यात आणि आजींना त्यांच्याच शब्दांत बोलू द्यावे. तुमच्या भागातील माणूस तुमच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलेल, तितका तो बाहेरून आलेल्या वार्ताहराशी बोलणार नाही, आणि हे तुमचे व्यावसायिक बळ आहे.

प्रश्न : एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची बातमी सरावासाठी करताना आम्ही तिच्या आईचा चेहरा धूसर करून बाइट वापरला. मार्गदर्शकांनी तो काढायला लावला. चेहरा झाकलेला असताना आक्षेप कशाला?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : मार्गदर्शकांनी योग्य तेच केले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे, म्हणजे पॉक्सोचे, कलम २३ प्रसारमाध्यमांविषयीच आहे. बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर किंवा ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील उघड करण्यास त्यात मनाई आहे आणि भंग झाल्यास कारावासाची तरतूद आहे. बालकाच्या हिताचे आहे असे वाटल्यास केवळ विशेष न्यायालय लेखी कारणे देऊन तशी परवानगी देऊ शकते. गावात आईचा आवाज, साडी, घराचा ओटा, भिंतीचा रंग यांवरून मुलीची ओळख क्षणात पटते, म्हणून चेहरा धूसर केल्याने काहीच साधत नाही. अशी बातमी तपासाविषयी करावी. पोलीस अधिकाऱ्याचा बाइट, न्यायालयाबाहेरील दृश्ये आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती एवढ्यावर ती पूर्ण होते. तुमच्याकडील मूळ फुटेजही गटातील मित्रांच्या मोबाइलवर राहता कामा नये. ते मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली आजच नष्ट करावे आणि व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवले असेल, तर त्यांच्याकडूनही काढून टाकवून घ्यावे.