लॉगिन मोबाइल नंबरवर करायचंय, पण मायग्रेट अडलंय

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयासाठी जँगोमध्ये (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची तयार चौकट) छोटी साइट करतोय, मी कॉमर्सवाला, व्हिडिओ बघून बघून शिकलोय. आधी मायग्रेट केलं (म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं बनवली), सुपरयुजर म्हणजे मुख्य ॲडमिन बनवला, टेस्टिंगला पाचसहा नावं पण टाकली. मग अध्यक्ष काका म्हणाले, युजरनेम कुणाच्या लक्षात राहणार, मोबाइल नंबरवर लॉगिन द्या. म्हणून स्वतःचं युजर मॉडेल (युजरच्या टेबलाचा आराखडा) लिहिलं, सेटिंग्जमध्ये ऑथ युजर मॉडेल (कुठलं युजर मॉडेल वापरायचं ते) बदललं आणि आता मायग्रेट केलं की इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी म्हणून एरर येतो. दोन रात्री गेल्या, काय करू?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : एरर तुमच्या कोडमधला नाहीये, क्रमाचा आहे. ॲडमिनमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं टेबल युजरच्या टेबलाला जोडलेलं असतं, ते तुम्ही पहिल्यांदा मायग्रेट केलं तेव्हाच जुन्या युजरला जोडून तयार झालं, आणि आता तुम्ही म्हणताय की युजर दुसराच आहे आणि त्याचं टेबल तर अजून बनलेलंच नाही. म्हणजे पाया घालायच्या आधीच भिंत उभी राहिली, जँगो तेवढंच सांगतोय.

टेस्टिंगचीच नावं आहेत ना? मग जीव अडकवू नका, डेटाबेसची फाइल उडवा, तुमच्या ॲप्सची मायग्रेशन्स (टेबलं कशी बनवायची त्या सूचनांच्या फाइली) उडवा (फोल्डरमधली इनिट फाइल तेवढी ठेवा), मेकमायग्रेशन्स (त्या फाइली नव्याने बनवणारी कमांड) आणि मायग्रेट परत चालवा. खरे सभासद भरलेले असते तर मी युजरला हातच लावू दिला नसता, वन-टू-वन फील्डने (एका युजरला एकच) जोडलेलं वेगळं प्रोफाइल मॉडेल करा म्हटलं असतं.

पण थांबा, मोबाइल नंबरवर लॉगिन हवंच कशाला? लॉगिनचं फील्ड युनिक लागतं, दोघांचं एकच चालत नाही, आणि गावात आजोबा, सून, नातू तिघं सभासद आणि फोन एकच, असं असतंच की. तिथे घरातल्या दुसऱ्या माणसापासूनच तुमची साइट नाही म्हणणार. शिवाय युजरनेम काढून टाकलं तर मॅनेजर (युजर तयार करणारा कोड) पण स्वतः लिहायला लागतो, नाहीतर क्रिएट सुपरयुजर कमांड युजरनेम मागत बसते.

वाचनालयाकडे सभासद क्रमांक असतोच, कार्डावर छापलेला, तोच युजरनेममध्ये टाका ना! फक्त 'वा/१२३' असलं काही चालणार नाही, युजरनेममध्ये तिरकी रेघ चालत नाही. आणि गंमत म्हणजे काना-मात्रा पण चालत नाहीत, अक्षरं आणि आकडे चालतात पण 'वा' मधला काना त्याला अक्षर वाटत नाही. देवनागरी आकडे चालतात, पण मग १२३ देवनागरीतलं वेगळं आणि इंग्रजी आकड्यांतलं वेगळं धरेल, तेव्हा इंग्रजी आकडेच ठेवा.

मॉडेल मात्र स्वतःचं ठेवा, ॲबस्ट्रॅक्ट युजरवरून (जँगोने दिलेला युजरचा तयार पाया) घेतलेलं, आत्ता त्यात फारसं काही नसलं तरी, पुढे काही घालावंसं वाटलं तर हीच रडारड परत नको. मोबाइलचं फील्ड त्यातच घाला, युनिक न करता, आणि कॅरेक्टर फील्ड करा, आकड्याचं केलंत तर +९१ मधला अधिक जातो. पुस्तकाच्या देवघेवीचं मॉडेल युजरला जोडताना थेट युजर इम्पोर्ट करू नका, सेटिंग्जमधलं ऑथ युजर मॉडेल द्या. नवीन सभासद भरायचा जँगोचा तयार फॉर्म जुन्याच युजरला चिकटलेला असतो, त्याच्या मेटामध्ये (फॉर्म कुठल्या मॉडेलचा ते सांगणारा भाग) तुमचं मॉडेल द्यावं लागेल. अध्यक्ष काकांना कार्ड दाखवा, ऐकतील.