आजीला कुठल्या घरी जायचंय?

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज वाचला. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उरकण्यासारखा तो प्रश्न नाही, म्हणून कागद घेतलाय. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, अर्थ लागतो. तू लिहिलं होतंस, "पप्पा, आजी फोनवर म्हणाली, 'बास झालं गं बाई, आता मला घरी जायचंय.' पण ती तर घरीच आहे! मम्मीला विचारलं तर ती गप्प बसली. आणि तूसुद्धा नगरचं तिकीट काढलं की 'घरी चाललोय' म्हणतोस. घर तर स्विंडनला आहे ना? मराठी माणसांचं घर नक्की असतं कुठे?"

आधी आजीची काळजी सोड. तिला काहीही झालेलं नाही. गोळ्या वेळेवर घेते, आणि गेल्याच आठवड्यात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडली. जगण्याचा कंटाळा आलेलं माणूस दोन रुपयांसाठी घसा कोरडा करत नाही. मम्मी गप्प बसली ते वेगळ्या कारणानं. आपल्याकडे घरात मरणाचं नाव काढलं की कुणीतरी लगेच "असं अभद्र बोलू नये" म्हणून विषय बदलतं. आजी मात्र बदलू देत नाही. ती ज्या घराबद्दल बोलते ते समजायला आधी माहेर समजावं लागेल, आणि ते तुला इथे इंग्लंडमध्ये कुणी शिकवलेलं नाही.

आजीचं लग्न झालं तेव्हा ती शेवगावकडच्या एका खेड्यातून नगरला आली. सासरी कुणी छळलं वगैरे नाही, माणसं चांगली होती. तरी सासर ते सासर. बाईनं आपण होऊन माहेरी निघून यायचं नसतं, तिकडून कुणीतरी न्यायला यावं लागतं. त्या न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, बहुतेक वेळा भाऊच. नाताळ आटोपला, घरातल्या करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे रिकामे झाले, की माझा मामा यायचा. हुरड्याचे दिवस असायचे. पिशवीत कोवळी कणसं, बोरं, कधी वानोळा म्हणून थोडे शेंगदाणे. आजीची पिशवी मात्र आदल्या दिवसापासून दारामागे भरून ठेवलेली. ती वरवर स्वयंपाक करत असायची, पण कान रस्त्याकडे. मामाची सायकल दाराशी टेकली की ती पदरानं हात पुसत बाहेर यायची आणि पहिलं वाक्य कायम एकच: "इतका उशीर का रे केलास?" तो कितीही लवकर आला तरी हेच.

आता ही बाई रविवारी चर्चमध्ये बसते आणि पाळक योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचतात. येशू शिष्यांना सांगतो की माझ्या पित्याच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहे, मी पुढे जाऊन तुमच्यासाठी जागा तयार करतो, आणि मग परत येऊन तुम्हाला घेऊन जाईन. हे ऐकताना तिच्या डोळ्यासमोर ढग, पंख, सोन्याचे रस्ते यांतलं काय येत असेल? मला वाटतं, काहीच नाही. न्यायला भाऊ येणार हे तिला कळतं. तो स्वतः येणार, निरोप धाडणार नाही. म्हणून ती "मरायचंय" म्हणत नाही, "घरी जायचंय" म्हणते. दोन्हींत फार फरक आहे.

आणि ही काही तिची एकटीची कल्पना नव्हे, ना फक्त ख्रिस्ती लोकांची. वारकरी संतांनी शेकडो वर्षं पंढरीला माहेर म्हटलं आणि विठोबाला आई. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण ती भाषा त्यांनी मागे टाकली नाही. अभंगात येशूला माउली म्हणत राहिले. आपल्या चर्चमध्ये तू झांजा आणि पेटीवर जी भजनं ऐकलीस, ती याच वळणाची.

आता माझं घर. यात मला जरा सावध राहायला हवं, कारण माझं घर मी अर्धं मनात बांधलेलं आहे. माझ्या मनातल्या नगरला कायम डिसेंबर असतो. पेट्रोमॅक्स घेऊन आमची कॅरल पार्टी रात्रभर मिशन कंपाऊंडमधून हिंडतेय, ढोलकीवाल्याची बोटं गारठलीत, आणि रात्री एक वाजता कुणाच्या तरी ओट्यावर गरम भजी आणि चहा. हे नगर नकाशावर नाही. तिथे आता उड्डाणपूल आहे, ओटे पाडून इमारती झाल्यात, आणि 2024 पासून तर शहराचं सरकारी नावही अहिल्यानगर झालं. मी तिथे उतरतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलो तरी लोक विचारतात, "कधी आलात? परत कधी?" म्हणजे पाहुणाच. माहेरी गेलेल्या बाईचंही असंच होतं. स्वयंपाकघर आता वहिनीचं असतं, डबे कुठे ठेवलेत ते विचारावं लागतं.

पवित्र शास्त्रात घर सुटलेल्या माणसांची रांगच आहे. कैद करून बाबेलला नेलेले, तिथल्या नद्यांकाठी बसून रडणारे यहुदी तुला माहीत आहेत, वीणा झाडांना टांगून ठेवणारे. 137वं स्तोत्र. त्याच्या शेवटच्या ओळी चर्चमध्ये सहसा वाचत नाहीत. घर गमावल्याचं दुःख सुडात उतरलं की माणूस काय काय मागू शकतो, ते तिथे दिसतं. परदेशातल्या काही मंडळींच्या बोलण्यातही मला कधी कधी त्याचा वास येतो: इथलं सगळं वाईट, इथली माणसं वाईट. त्याच यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून पत्र पाठवलं. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणून मी स्विंडनच्या कौन्सिलला शिव्या घालतो तशी तिच्यासाठी प्रार्थनाही करतो.

मला सगळ्यांत आवडतं ते इब्री लोकांस पत्रातलं अकरावं प्रकरण. अब्राहाम आणि त्याची मुलंबाळं तंबूंत राहिली, स्वतःला परके आणि प्रवासी म्हणवत राहिली. लेखक म्हणतो, जो देश सोडून आले त्याचीच त्यांना ओढ असती, तर परत जायला त्यांना संधी होती. पण त्यांना त्याहून चांगला देश हवा होता. हे वाक्य मला नगरच्या प्रत्येक फेरीनंतर हीथ्रोवर उतरताना आठवतं. तिकीट काढून परत जाता येतं, चिऊ. गेलो. पण पोचल्यावरही ओढ शिल्लक राहिली. म्हणजे ती नुसती नगरची नव्हती.

तू लहान असताना मी तुला बुशटनला नेलं होतं, आठवतं का? आपल्यापासून गाडीनं वीसेक मिनिटं, थोडी घरं आणि बाकी शेतं. तुला कंटाळा आला होता आणि पाऊसही होता. मला तिथे जायचं होतं कारण 1549 मध्ये तिथे थॉमस स्टीफन्स जन्मला, ज्याला आपण फादर स्टीफन्स म्हणतो. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून राहणं धोक्याचं होतं. त्याचा एक मित्र तर श्रद्धेपायी वर्षानुवर्षं तुरुंगात होता. स्टीफन्स रोमला गेला, जेझुइट म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचा सभासद झाला, 4 एप्रिल 1579 ला लिस्बनहून जहाजात बसला आणि त्याच ऑक्टोबरात गोव्याला उतरला. उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं बापाला पत्र लिहिलं, आणि ते आजही वाचायला मिळतं. त्यात वाऱ्यांचे हिशेब आहेत, आजारी पडलेले खलाशी आहेत, उडणारे मासे आहेत. नारळाबद्दल लिहिलंय. आणि एक गोष्ट अशी: द्राक्षाचा वेल सोडला तर युरोपात पाहिलेलं एकही झाड मला इथे दिसलं नाही. तीस वर्षांचा मुलगा नव्या देशात उतरून ओळखीचं झाड शोधतोय! मी स्विंडनच्या पहिल्या हिवाळ्यात कडुनिंब शोधत असे, अगदी तसंच.

तो परत आला नाही. 1619 मध्ये गोव्यातच वारला. त्या चाळीस वर्षांत गोव्यातल्या साष्टी भागातल्या माणसांमध्ये राहून त्यांची भाषा इतकी आपलीशी केली की जवळपास अकरा हजार मराठी ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, जे 1616 मध्ये तिथल्याच राचोलला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. ती पोकळी यानं त्यांच्याच चालीत भरली. स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. (धर्मांतराच्या त्या इतिहासात जबरदस्तीही होती, ती मी लपवणार नाही. त्यावर वेगळं बोलू.) छापलेली त्या वेळची एकही प्रत आज उरलेली नाही. उरली ती हस्तलिखितं, आणि त्यांतली बरीचशी मंगळूरकडे. गोव्यातून घरदार सोडून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती बरोबर नेली, घरात गायली. 1907 ची मंगळूरची छापील आवृत्ती त्यांच्यावरून निघाली. एक देवनागरी हस्तलिखित लंडनला, तिथल्या विद्यापीठाच्या सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

म्हणजे बघ, आपल्या या विल्टशर परगण्याचा एक माणूस आपल्या भाषेत स्वर्गाची गोष्ट सांगायला तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आणि आता त्याच्या गावाशेजारी स्विंडनला गोव्याची इतकी माणसं राहतात की रविवारी चर्चबाहेर कोकणीच कानावर पडते. मी त्यांच्यात उभा राहून मराठीत बोलतो, ते कोकणीत, आणि आमचं भागतं. स्टीफन्सला विल्टशरची आठवण येत नसेल असं मला वाटत नाही. पण चांगल्या देशाची आशा असलेला माणूस हातात असलेल्या देशाशी इतकं नीट वागू शकतो, हे मला त्याच्याकडे पाहून पटतं. "हे जग म्हणजे दोन दिवसांची धर्मशाळा, इथे काय मन लावायचं" असं सांगणारी प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मला ती कधीच मानवली नाहीत. तशी श्रद्धा असती तर स्टीफन्सनं कोकणीचं व्याकरण कशाला लिहिलं असतं?

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटी योहान जे पाहतो तेही तसंच. माणसं पृथ्वी सोडून वर उडून जात नाहीत, नवं नगर खाली येतं. (आपल्या नगरच्या मंडळींना या वचनाचा जरा जास्तच अभिमान.) राष्ट्रं आपापलं वैभव त्यात घेऊन येतात. मग मराठी माणसं काय आणतील? मी तरी म्हणेन, ओवी आणि अभंग तिथे नक्की पोचणार. त्या नगराच्या वेशी कधी बंद होत नाहीत, हे व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला किती गोड लागतं ते तुला, इथल्या पासपोर्टवाल्या मुलीला, लगेच कळणार नाही. आणि योहान लिहितो, समुद्र उरला नाही. अभ्यासक सांगतात की यहुद्यांना समुद्र म्हणजे गोंधळ, भय, म्हणून तो नाही. असेल. पण योहान हे पात्म बेटावर लिहीत होता, चारी बाजूंनी पाणी आणि आपली माणसं पलीकडे. माझी आई नगरला, मी इथे. मला तो समुद्र माझाच वाटतो.

तुला माझ्यासारखी नगरची ओढ लागलीच पाहिजे असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. तुझं बालपण स्विंडनचं, ते खरं घर आहे, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. उद्या तू आणखी कुठे राहायला गेलीस तर तुला कदाचित आपल्या मागच्या गल्लीतल्या चिप्सच्या दुकानाचा वास आठवेल. तेव्हा हे पत्र परत काढ.

रविवारी आजीला फोन कर, तिकडची दुपार गाठ, जेवून बसलेली असते. "घरी जायचंय" म्हणाली तर मम्मीसारखा विषय बदलू नकोस. तिला विचार, तिथे पहिलं कोण भेटायला हवंय. मामाचं नाव आधी येईल, मग तिच्या आईचं, मग ज्यांना मीही ओळखत नाही अशांचं. प्रत्येकाबरोबर एक गोष्ट येणार, आणि मध्येच कोण कुणाशी का बोलत नव्हतं तेही कळेल. फोन आधी चार्ज करून ठेव. निदान तासभर जाईल.

तुझा,
पप्पा