अडीच वर्षांचं मूल दोन पानांतच उठून पळतं, त्याला वाचून कसं दाखवायचं?

मूल दोन पानांनंतर पळतं आणि बसलंच तर रोज तेच पुस्तक मागतं, असं तुम्ही लिहिलंय. यातली दुसरी तक्रार मुळात तक्रारच नाही. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलाचं लक्ष शब्दांकडे वळतं. सातव्या-आठव्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द गाळून थांबा, बहुतेकदा तो मूलच भरतं. कंटाळा येतो तो आपल्याला.

पळण्याचं कारण बहुधा हे, की आपण छापलेलं सगळं संपवायला बसतो. या वयाला पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली. पानावर चार ओळी असतील तर एकच वाचा आणि मग चित्रावर बोला. पान त्यालाच उलटू द्या, दोन एकदम उलटली तरी बिघडत नाही. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं बरी, पातळ पानं फाटतात आणि गोष्टीपेक्षा "अरे, फाटेल!" हेच जास्त ऐकू येतं.

आता बोलायचं कसं? मूल चित्रावर बोट ठेवून "भू भू" म्हणालं, तर "हो, काळा कुत्रा पळतोय" असं त्याचंच बोलणं थोडं वाढवून परत द्या. मग "कुठे पळतोय?" विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच अंक फार जड जातात, दोन म्हणेपर्यंत आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. उत्तर नाहीच आलं, तर "झाडामागे पळतोय" म्हणा आणि पुढे चला. पानाला एखादाच प्रश्न. "रंग कोणता? पक्षी किती?" अशी सरबत्ती झाली की वाचनाची परीक्षा होते आणि मूल उठतंच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली साधारण याच वयाच्या मुलांच्या पालकांना अशी पद्धत शिकवून पाहिली. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.

मांडीवर बसवून वाचा. समोरासमोर बसलात तर पुस्तक एकाला उलटंच दिसणार. आवाज काढून नाटक नाही केलं तरी चालेल, पण वेग कमी हवाच. नवं पुस्तक दिवसा उघडा, झोपेच्या वेळी जुनंच बरं.

आणि उठून गेलंच, तर हाका मारू नका. तिथेच बसून आणखी एक पान मोठ्याने वाचा; खेळताना कान बरेचदा इकडेच असतो. नाही आलं, तर पुस्तक त्याचा हात पोचेल तिथे ठेवून द्या.