विचारा की! : मोर तसाच उभा

प्रश्न : बाई, नमस्कार. नातू पुण्याहून सुट्टीला आलाय, यंदा दुसरी पास झाला. यूट्यूबवर ‘ब्लूज क्लूज’ नावाची इंग्रजी मालिका बघत बसतो. त्यात एक खराखुरा पोरगा आहे. बाकी घर, खुर्ची, साबण, निळं कुत्रं सगळं कार्टून. नातवाला तसंच करायचंय म्हणून त्यानं मोबाईलमध्ये कसलंसं ॲप घेतलं आणि मागं लावायला हिरवं कापड मागितलं. मी ट्रंकेतली हिरवी चादर दिली, मोराची, आमच्या ह्यांनी स्वतः पसंत करून आणलेली. दोरीवर लावली. तर मोबाईलमध्ये हिरवा रंग गेला, पण मोर तसाच उभा! शिवाय नातवाच्या पोटाला पट्ट्यापट्ट्यांची भोकं पडली आणि त्यातून कुत्रं दिसतंय. पोरगं रडकुंडीला आलंय. चादर जुनी झाली म्हणून असं होतंय का?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : अक्का, चादरीचा काही दोष नाही. ती सोलापूरची आहे, एवढाच काय तो दोष.

आपल्या चादरीवर मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक घर रंगवत मोराची मान वळवायची, पिसारा बसवायचा. मग त्या ग्राफवरून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मागाला मोर कळत नाही, त्याला फक्त भोक आहे की नाही एवढं कळतं. तुमच्या नातवाचं ॲपही त्याच जातीचं. ते चित्रातला एकेक ठिपका तपासतं. ठिपका हिरवा असला की तिथं भोक पाडतं आणि त्यातून मागचं कार्टून दाखवतं. हिरवा नसला की सोडून देतं. तुमचा मोर हिरवा नाही, म्हणून तो राहिला. ॲपनं आपलं काम चोख केलंय.

आता पोटाच्या भोकांचं. तुम्ही लिहिलं नाही, पण नातवानं त्या मालिकेतल्या पोरासारखाच हिरव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घातला असणार. पैज लावते. मूळ मालिका 1996 साली अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर सुरू झाली. त्यातला स्टीव्ह बर्न्स हिरव्या पट्ट्यांचा शर्ट घालून वावरायचा खरा, पण त्याच्या मागं निळा पडदा असायचा. पडदा निळा, म्हणून हिरवा शर्ट चालला. तुमच्या नातवानं शर्ट त्याचा घेतला आणि पडदा दुसरा लावला. लाल शर्ट घाला, पोट भरून येईल.

कापड साधं सुती आणि एकाच रंगाचं घ्या. अस्तराचं हिरवं कापड नवी पेठेत कुठंही मिळतं, अडीच-तीन मीटर पुरे. सॅटिन नको, ते चमकतं आणि चमकलेली जागा ॲपला पांढरी दिसते. इस्त्री करा, कारण चुणीच्या सावलीत हिरव्याचा काळा होतो. पोराला कापडाला चिकटून उभं करू नका. चार-पाच फूट पुढं घ्या, म्हणजे त्याची सावली कापडावर पडत नाही आणि कापडाचा हिरवा उजेड त्याच्या कानांवर येत नाही. मे महिन्यात सोलापुरात उजेडाची काय ददात! सकाळी आठच्या सुमारास गॅलरीत करा. अकरानंतर पोरगंही वितळेल.

हिरवाच रंग का, असं तो विचारेलच. माणसाच्या कातडीत हिरवा रंग फार कमी, म्हणून चेहरा सुखरूप राहतो. दुसरं कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या दर चार घरांतली दोन हिरव्याची, एक लाल आणि एक निळ्याचं असतं. हिरवा त्याला सगळ्यात नेमका दिसतो.

एवढं करून मोर जाईल. पण माझा अनुभव सांगते अक्का, मोर गेला तरी गंमत येईलच असं नाही.

मी सहा वर्षांची असेन. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत फोटोवाल्यांचे तंबू लागायचे. मागं रंगवलेला पडदा, आणि पुढं पुठ्ठ्याचं विमान. विमानाला दोन खिडक्या, मागं दोन स्टुलं. एका खिडकीत मी, दुसऱ्या खिडकीत माझा धाकटा भाऊ. फोटोवाला म्हणाला, “खाली बघा बे, खाली सिद्धेश्वराचं तळं दिसलालंय!” मी शहाणी. खाली स्टुलाचा पाय आणि कुणीतरी टाकलेली शेंगांची टरफलं आहेत, हे मला ठाऊक होतं. मी सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. भाऊ मात्र वाकून, डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून खाली बघत राहिला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. एकाच पुठ्ठ्याच्या विमानात माझा भाऊ उडतोय आणि मी स्टुलावर बसलेय.

पुढं शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, पण त्या फोटोइतकं मला कुणी शिकवलं नाही. अशा मालिकेत कार्टून कितीही सुबक काढा, ते खरं करतो समोरचा माणूस. स्टीव्ह बर्न्सपुढं कुत्रं नव्हतंच. निळ्या रिकाम्या खोलीत तो गुडघ्याएवढ्या उंचीवर बघायचा, हसायचा, थांबायचा, आणि आपल्याला तिथं कुत्रं दिसायचं.

ही युक्तीही फार जुनी. वॉल्ट डिस्नेनं मिकी माऊसच्या आधी, 1923 साली, ॲलिस नावाच्या मुलीचे छोटे मूकपट सुरू केले. मुलगी खरी आणि तिच्याभोवतीचं जग चित्रातलं. व्हर्जिनिया डेव्हिस ही ॲलिस झाली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. मोकळ्या जागेत जाहिरातीच्या फळीवर आणि खाली जमिनीवर पांढरं ताडपत्रीसारखं कापड पसरायचे आणि त्या पांढऱ्यावर तिला उभं करायचे. समोर ना अस्वल ना मांजर. डिस्ने कॅमेऱ्यामागून गोष्ट सांगायचा आणि ती त्या रिकाम्या जागेला घाबरायची. चित्रं नंतर काढली जायची. म्हणजे गड्ड्यावरचा आमचा फोटोवाला जे ओरडत होता, तेच.

तेव्हा असं करा. काठीला जुना पायमोजा बांधा आणि कार्टून-कुत्र्याचे डोळे जिथं येणार तेवढ्या उंचीवर धरा. पोराला त्या मोज्याकडं बघूनच बोलू दे. कुत्र्याच्या बाजूचं तुम्ही बोला. मालिकेतलं कुत्रं नुसतं भुंकतं, तुमचं सोलापुरी बोललं तरी चालेल. “काय करलालास बे?” असं मोज्यानं विचारलं की पोरगं आपोआप खरं हसेल. एकदा मोज्यासकट सराव करा, मग मोजा काढा आणि पुन्हा करा. नजर खाली-वर झाली तर ती चूक कुठल्याही ॲपनं झाकत नाही.

कुत्रं काढायचं त्याला दडपण आलं असेल. टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं जातात, पण कार्टूनवाले बऱ्याचदा एकेक चित्र दोनदा वापरून बारा-तेरावर भागवतात. त्यानं आठ काढली तरी हलेल. पाच सेकंदांची चाळीस झाली. तीही नको असतील तर कागद कापून कुत्रं करा, पाय वेगळे ठेवा आणि सरकवत सरकवत एकेक फोटो घ्या. ‘ब्लूज क्लूज’चं घरसुद्धा कागद, कापड असल्याच साध्या वस्तूंचं करून, त्यांचे फोटो संगणकात घालून उभं केलंय. म्हणून ती खुर्ची हात लावावासा वाटण्यासारखी दिसते. शेवटी कुत्र्याच्या पायाखाली एक करडी सावली ठेवायला सांगा. सावली नसली की कुत्रं तरंगतं.

आणि ती मोराची चादर परत ट्रंकेत ठेवा. डांबरगोळ्या घालून.

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, बालवाडीत मराठी. ती हीच मालिका बघते आणि त्यातल्या माणसाला मोठ्यानं उत्तरं देते, तीही तेलुगूत. सासूबाई म्हणतात, पोरीला वेड लागेल. शिवाय तिला तोच भाग रोज पाहिजे असतो. बंद करू का?
– विडी घरकुल

उत्तर : वेड वगैरे काही नाही. तो माणूस प्रश्न विचारतो आणि मुद्दाम गप्प बसतो, ते तिनं उत्तर द्यावं म्हणूनच. ती शांतता लिहिताना मोजून ठेवलेली असते. मोठ्यांना ती कंटाळवाणी वाटते, कारण आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं.

तोच भाग पुन्हा बघण्याचंही तसंच. निकलोडियननं सुरुवातीला एकच भाग आठवड्यात पाच दिवस रोज दाखवला. मोठ्यांच्या मालिकेत असं केलं तर लोक टीव्ही फोडतील. पण लहान मुलं पहिल्या दिवशी गप्प बघतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या माणसाच्या आधी ओरडतात. आपल्याला ठाऊक आहे, याचा त्यांना केवढा आनंद! आपणही गोष्ट सांगताना एक शब्द बदलला तर पोरं “तसं नाही!” म्हणून अडवतात ना, तेच.

चार वर्षांच्या मुलीला त्या माणसाला आपण दिसत नाही हे पुरतं उमगलेलं नसतं. त्याची घाई करू नका. उत्तर इंग्रजी प्रश्नाला तेलुगूत येतंय म्हणजे तिला प्रश्न कळलाय. मला तर कौतुकच वाटलं.

वेळेचं मात्र बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितलाय, आणि कमी असेल तर बरंच. एक भाग साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. तो झाला की मोबाईल उंच फडताळावर. मग सासूबाईंनाच सांगा, तुम्ही प्रश्न विचारा आणि गप्प बसा. सासूबाईंना दुसरं जमेल की नाही ते मी इथून सांगू शकत नाही.

प्रश्न : सगळं अमेरिकेचंच कौतुक. आपल्याकडं कुणी काही केलंच नाही का?
– एक निवृत्त वाचक, सात रस्ता

उत्तर : केलं ना. अहो, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, 1912 साली, कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं आणि पडद्यावर मिनिटभरात रोप उगवून दाखवलं. ते बघून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. चित्र-चित्र जोडून न हलणारी गोष्ट हलवायची हा धंदा आपल्याकडं असा मराठी माणसाच्या कुंडीत सुरू झाला. आगकाड्यांना नाचवणारी छोटी फिल्मही त्यांनी केली.

टीव्हीवर ‘शाका लाका बूम बूम’ तुमच्या मुलांनी बघितली असेल. पेन्सिलीनं काढलेलं खरं व्हायचं. माझ्या वर्गात त्या दिवसांत प्रत्येकाला तीच पेन्सिल पाहिजे होती आणि कुणालाही चित्र काढायचं नव्हतं, नुसती वस्तू पाहिजे होती. म्हणून माझा त्या मालिकेवर जरा राग आहे. 2006 साली ‘गली गली सिम सिम’ आली. त्यात माणसं, बाहुल्या आणि मधूनमधून कार्टूनचे तुकडे असं सगळं होतं. शाळेच्या गणवेशातली चमकी ही बाहुली मला फार आवडायची. तिला कधी गप्प बसायला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

प्रश्न : निळ्या कुत्र्याचा आवाज काढायला खरं कुत्रं आणतात का?
– इयत्ता तिसरी, बाळीवेस

उत्तर : नाही रे बाळा. ती मालिका तिघांनी मिळून तयार केली. त्यातली ट्रेसी पेज जॉन्सन चित्रांचं बघायची, आणि ब्लूचं भुंकणंही तिचंच. आणि ब्लू कुत्रा नाही, कुत्री आहे. पहिल्यांदा तर तिला मांजर करायचं ठरलं होतं. मग तुझा प्रश्न मांजरीचा झाला असता.

तू भुंकून बघ. आईला आधी सांगून.