मशीनची यादी बाजूला ठेव

चि.,
अनेक आशीर्वाद.

साथ आली तर कारखाना कसा चालू ठेवायचा, याचा तू पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. जनरेटर, आगीचा विमा, सर्व्हरचा बॅकअप, सगळं नेटकं आहे. पण हा आराखडा आगीसाठी आणि पुरासाठी झाला. साथीत मशीन शाबूत असतं, वीज असते, येऊ शकत नाही तो माणूस. २३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी लागली आणि दुसऱ्या रात्री बारापासून सगळा देश बंद झाला. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या छोट्या युनिटवाल्यांना आवराआवर करायलाही उसंत मिळाली नाही. म्हणून मशीनची यादी बाजूला ठेव आणि माणसांची कर.

प्रत्येक कामापुढे तीन नावं हवीत. आता तुझ्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचंच बघ. सेटिंग एकच जण करतो आणि टूल ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची प्रत्येक हत्याराची मापं, त्याच्या खिशातल्या डायरीत आहेत. तो १४ दिवस विलगीकरणात गेला की मशीन उभं. त्याच्या शेजारी बसून ती डायरी उतरवून घे आणि हाताखाली दोघांना तयार करायला सांग. आपली गरज संपवायला हे चाललंय असं त्याला वाटता कामा नये. तसं नाही हे तोंडावर स्पष्ट सांग आणि शिकवण्याचे जादा पैसे दे.

अकाउंट्सचंही तेच. डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि अकाउंटंट गावी, अशी अवस्था झाली की जीएसटीचं रिटर्न अडतं. कंपन्यांना ओटीपीवर रिटर्न भरायची मुभा मिळाली ती थेट मे २०२० मध्ये.

कंत्राटी मुलांबद्दल तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही, याचं मला वाईट वाटलं. १ मे २०२० पासून श्रमिक रेल्वे सुटल्या, पण त्याआधीच कित्येक जण पायी निघाले होते. हाताला काम नाही, वर खोलीचं भाडं आणि रेशनची चिंता. तुझ्याकडची मुलं कुठे राहतात, एका खोलीत किती जण आहेत, घरमालक कोण, हे आजच लिहून ठेव. दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा कंपनी देईल, असं आराखड्यात घाल. हे मी दयेपोटी सांगत नाही. ती पोरं टिकली तरच बंदी उठल्यावर पहिल्या दिवशी तुझा शॉप फ्लोअर सुरू होईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तीन महिन्यांचे पगार, भाडं आणि हप्ते भागतील एवढी रक्कम वेगळी ठेव. बँकेचं खातं कधीही थकू देऊ नकोस. २०२० ची आपत्कालीन कर्जहमी योजना २९ फेब्रुवारीच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत होती, आणि हप्ते ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेल्यांना ती मिळालीच नाही.

कच्च्या मालात गॅस कटिंगला लागणारा ऑक्सिजनही धर. एप्रिल २०२१ मध्ये मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला, आणि तो वळवायलाच हवा होता. तशी वेळ आली तर गॅस कटिंगचं काम विजेवरच्या प्लाझ्मा कटिंग मशीनवर कोण करून देईल, हे आधीच ठरव.

दोन पाळ्या एकमेकींना भेटणार नाहीत अशा लाव, मध्ये अर्धा तास मोकळा ठेव. चहाची टपरी विसरू नकोस, सगळे तिथेच जमतात.

हे झालं की पुढच्या महिन्यात एक दिवस सेटर आणि अकाउंटंट दोघांनाही पगारी सुटी दे, फोनही करू नकोस. त्या दिवशी जे जे अडेल ते लिहून मला पाठव.

वडिलांना नमस्कार.

तुझा,
काका