बौद्ध चित्रपट महोत्सवात स्वयंसेवकाने नेमके काय करावे?

साताऱ्यात भरणाऱ्या बौद्ध चित्रपट महोत्सवासाठी स्वयंसेवक हवे आहेत असे कळल्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: तांत्रिक माहिती नसताना आपला उपयोग होईल का, त्यासाठी बौद्ध असावे लागते का, आणि नोकरी सांभाळून रोजचे दोन तास पुरतील का. मधल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' एवढेच आहे. वंदनेच्या वेळी चपला बाहेर काढून शांतपणे उभे राहता आले की झाले. उरलेल्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यातल्या अशा काही छोट्या महोत्सवांत मी राबलो आहे आणि काम नेहमी कुठे अडते ते जवळून पाहिले आहे.

व्यासपीठ, फलक, हार-पुष्पगुच्छ, पाहुण्यांची ने-आण यांसाठी माणसे कधीच कमी पडत नाहीत. कमी पडतात ती सबटायटल करणारी. भूतानचा 'लुनाना' (२०१९) घ्या. दुर्गम खेड्यातल्या शाळेवर पाठवलेल्या तरुण शिक्षकाची ती गोष्ट आहे, आणि बामणोलीपलीकडच्या वाड्यांवर लाँचने जाणारे गुरुजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. परंतु तिची भाषा मुख्यतः जोंगखा आहे, आणि विहारात नियमित येणाऱ्या कित्येक उपासिकांना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत. मराठी ओळी नसतील तर मध्यंतरानंतर मागच्या खुर्च्या रिकाम्या होतात. हे काम रात्री जेवणानंतर घरी बसून करता येते, म्हणून तुमचे दोन तास त्याला पुरेसे आहेत.

भाषांतरात शब्दांची निवड फार जपून करावी लागते. आमच्या एका होतकरू मित्राने 'द बर्मीज हार्प' या जपानी चित्रपटात भिक्खूसाठी सर्वत्र 'साधू' आणि विहारासाठी 'मंदिर' असे लिहिले होते. आदल्या रात्री एका ज्येष्ठ उपासकांनी ते पाहिले आणि एकच वाक्य बोलले, "हे आपल्या माणसांना कुणाचे चित्र वाटेल?" पहाटेपर्यंत बसून आम्ही भिक्खू, भन्ते, विहार, धम्म हे शब्द जागच्या जागी घातले. (हा चित्रपट १९५६ चा, म्हणजे नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षीचा. युद्धात मेलेल्यांना मूठमाती देण्यासाठी मागे राहणाऱ्या सैनिकाची ही कथा अपशिंग्यासारख्या फौजी गावात दाखवायला हवी, असे मला अजूनही वाटते.) तिबेटी परंपरेवरच्या चित्रपटात मात्र 'लामा' तसाच ठेवावा, सगळ्या पंथांना एकाच साच्यात बसवणे हीही चूकच.

तांत्रिक भाग वाटतो तितका अवघड नाही. सबटायटलची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळीत साधारण चाळीस अक्षरे, एवढे पथ्य पाळावे. फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत) जतन केली नाही तर पडद्यावर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि काही प्लेअरमध्ये 'बुद्ध' मधले जोडाक्षर फुटून हलन्त सुटा लोंबकळतो. आणखी एक खोड अशी की, सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) प्रतीसाठी केलेली फाइल २५ चौकटींच्या प्रतीला लावली तर तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. सुरुवात जुळलेली दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही, आणि शेवटी पात्र रडत असताना खाली भलताच संवाद उमटतो. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी, प्रत्यक्ष वापरायच्याच लॅपटॉपवर आणि प्रोजेक्टरवर तपासून पाहावे.

दुसरे दुर्लक्षित काम परवानगीचे. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवर जाहीर खेळ करता येत नाही. प्रवेश विनामूल्य असला तरी हक्कधारकाची लेखी संमती लागते. ज्या परदेशी चित्रपटाला आपल्याकडचे सेन्सॉर प्रमाणपत्र नाही, त्यासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. या पत्रांची उत्तरे यायला आठवडे लागतात. ती आल्याशिवाय कार्यक्रमपत्रिका छापायला देऊ नये, असा आग्रह बैठकीत वाईटपणा घेऊनही धरावा.

तारखेबाबत बोलायची संधी मिळाली तर बुद्धपौर्णिमा टाळायला सांगा. त्या दिवशी प्रत्येक विहाराचा स्वतःचा कार्यक्रम असतो, शिवाय वळवाचा पाऊस आणि जाणारी वीज आहेच. वर्षावासात, म्हणजे भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, अनेक विहारांत ग्रंथवाचनासाठी माणसे जमलेलीच असतात; त्याला जोडून रविवारी एकेक चित्रपट दाखवला तर प्रेक्षक वेगळे गोळा करावे लागत नाहीत. दुपारचा खेळ असेल तर खिडक्यांना लावायचे काळे कापड मंडपवाल्याकडे आधीच सांगून ठेवावे. पांढरे पडदे काही कामाचे नाहीत, हे आम्ही भर सभागृहात शिकलो.

पहिल्या बैठकीला जाताना 'पडेल ते काम करीन' असे म्हणू नका, नाहीतर तुम्हाला खुर्च्या मांडायला लावतील. कोणत्या चित्रपटाची मराठी सबटायटल अजून झालेली नाहीत ते विचारा आणि त्यातला एक चित्रपट आपल्या नावावर लिहून घ्या.